वरच्या मजल्यांचं तळण आणि तळमजल्याचं सिंक

आम्ही जुळे सोलापुरात एका तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघरातलं सिंक यंदा तिसऱ्यांदा तुंबलं. आखाडात एकदा, दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत एकदा आणि आता परवा. आमचा नळ बंद असतो तरी जाळीतून काळं पाणी वर येतं, त्यावर तेलाचा तवंग असतो, वास दिवसभर जात नाही. प्लंबर येतो, स्प्रिंग फिरवतो, साबणाच्या वडीसारखे पांढरट गोळे काढतो आणि पैसे घेऊन जातो. सासूबाई म्हणतात, उकळतं पाणी ओता, आम्ही जन्मभर हेच केलं. ह्यांनी दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणून ठेवली आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या तळणाचं तेल आमच्या घरात येतं अशी माझी खात्री आहे, पण त्यांच्याशी भांडण नकोय. माझी मुलगी लहान असताना त्यांनीच सांभाळलीय. उरलेल्या तेलाचं नेमकं काय करायचं, आणि काकूंशी बोलू कसं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

आधी ती अ‍ॅसिडची बाटली. उघडली नसेल तर तशीच दुकानात परत करा. अ‍ॅसिडने चरबी विरघळत नाही. ते फरशीवरचे क्षाराचे डाग काढतं, तेलाच्या थराला त्याचं काही वाटत नाही. उलट चेंबरचं सिमेंट आणि सिंकची जाळी मात्र खातं. तुंबलेल्या पाईपातून ते खाली उतरणारही नाही, तिथंच साचून राहील, आणि पुढच्या वेळी प्लंबर त्याच पाण्यात हात घालेल. त्यावर कुणी नकळत ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोड्याचं काम वेगळं आहे. तो चरबीचा साबण करतो, म्हणून कधीकधी उपयोग झाल्यासारखा वाटतो. पण पाण्यात पडताच तो तापतो, उसळतो. डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. अ‍ॅसिड घातलेल्या पाईपात सोडा टाकणं तर फारच धोक्याचं. घरात मुलगी आहे, दोन्ही नकोत. यातलं काही आधीच ओतलं गेलं असेल तर प्लंबरने हात लावण्याआधी त्याला स्पष्ट सांगा. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि मग थेट डॉक्टर.

सासूबाईंनी जन्मभर उकळतं पाणी ओतलं आणि काही तुंबलं नाही, हे खरंच असणार. त्यांची मोरी बहुधा उघडी होती. सांडपाणी परसात अळू-केळीला जायचं नाहीतर उघड्या गटारीला, आणि भांडी राखेने घासली जायची. कोरडी राख तेल शोषून घेते. कढई पाण्याखाली जाण्याआधीच तिचं बरंचसं तेल राखेत गेलेलं असायचं, ते नळीपर्यंत पोचायचंच नाही. तुमच्या घरी चूल नाही, राख नाही, आणि पाईप प्लॅस्टिकचा, भिंतीत बंद. सांडपाण्याचा पीव्हीसी पाईप साधारण 60 अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. उकळतं पाणी वरचेवर पडलं की तो मऊ पडतो, सांधे सैल होतात आणि सिंकखालच्या नळीला झोळ येतो. त्या झोळात पुढची घाण बसते. शिवाय उकळत्या पाण्याने चरबी नाहीशी होत नाही. ती पातळ होऊन चार-सहा फूट पुढे जाते आणि गार जागा मिळाली की परत थिजते. तुमच्या हाताला येणाऱ्या नळीतून निघून ती जमिनीखाली, जिथं कुणाचाच हात पोचत नाही तिथं जाऊन बसते. सासूबाईंना हे सांगताना राखेपासून सुरुवात करा. त्यांना पटेल, कारण ती त्यांचीच रीत आहे.

आता तुमच्याच घरात पाणी का येतं ते समजून घ्या, म्हणजे काकूंशी काय बोलायचं तेही बरंचसं आपोआप ठरेल. सगळ्या मजल्यांची सिंकं एका उभ्या पाईपाला जोडलेली असतात. उभ्या पाईपात पाणी वेगाने पडतं, तिथं सहसा काही अडकत नाही. तो पाईप जमिनीशी वळतो आणि आडवा होऊन चेंबरकडे जातो, तिथं पाण्याचा वेग एकदम कमी होतो. तेल, पीठ, भाताची शितं, चहाचा चोथा, सगळं त्या वळणावर बसतं. वळण तुंबलं की वरच्यांचं पाणी खाली यायचं काही थांबत नाही, आणि त्याला बाहेर पडायला सगळ्यात खालची वाट म्हणजे तुमचं सिंक. वरच्या घरांना काही कळतसुद्धा नाही, त्यांचं पाणी झर्रकन जात असतं. तेव्हा काकू तुमचा त्रास जाणूनबुजून वाढवताहेत असं मनात आणू नका. त्यांनी तो कधी पाहिलेलाच नसणार.

तो सगळा तवंग त्यांच्या कढईचा आहे असंही मला वाटत नाही. तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आलं ते आपल्याकडचं रोजचं कालवण. सोलापूरकडच्या स्वयंपाकात शेंगांचं कूट कशात नसतं? आमटीत, वांग्यात, भेंडीत, पालेभाजीत, आणि ताटात चटणी आहेच. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणजे ज्या दिवशी घरात काहीच तळलं नाही त्या दिवशीही भांड्याच्या तळाला उरलेल्या कालवणातून तेल जातं, आणि त्याच्याबरोबर ते तेल धरून ठेवणारा कुटाचा रवाळ गाळ. नुसत्या तेलापेक्षा हा गाळ जास्त वाईट, कारण तो जिथं बसतो तिथं पुढच्या तेलाला बूड मिळतं. त्यात रविवारच्या मटणाची तर्री, तूप कढवल्याचं भांडं, सायीची पातेली आली. आखाडात तळणही असतं आणि श्रावणाआधी घरोघरी मटणही. तुमचं सिंक आखाडात तुंबलं यात नवल नाही.

मला नेहमी ऐकायला मिळतं की सोलापूरच्या उन्हात तेल गोठतंय कुठं, ही थंड देशातली दुखणी. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या भुयारी गटारात 2017 साली सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला होता, तसं काही आपल्याकडे कसं होईल असा त्यामागचा विचार. पण मटणाची चरबी वितळायलाच चाळीस-पंचेचाळीस अंश लागतात. आपल्या मे महिन्यातही जमिनीखालचा पाईप तेवढा तापत नाही. वनस्पती तूप 31 ते 41 अंशांच्या दरम्यान वितळतं, पामतेल हिवाळ्यात डब्यातच थिजतं. शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल थिजत नाही हे खरं, पण त्यांचीही सुटका नाही. तळताना आणि नंतर गटारीत सडताना तेलातून आम्ल सुटतात. ती बोअरच्या जड पाण्यातल्या आणि चेंबरच्या सिमेंटमधल्या चुन्याला मिळाली की न विरघळणारा घट्ट साबण तयार होतो. तुमच्या प्लंबरने काढलेले पांढरट गोळे बहुतेक तेच. ते गरम पाण्याला दाद देत नाहीत, भांड्यांच्या साबणालाही नाही. भांड्यांचा साबण तेलाला थोडा वेळ पाण्यात विखरून धरतो एवढंच. पुढे पाणी गार आणि पातळ झालं की तेल पुन्हा वर येऊन पाईपाला चिकटतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. तेलकट भांडं पुसल्याशिवाय पाण्याखाली न्यायचं नाही. जाळ्या, औषधं, पावडरी हे सगळं त्यानंतर.

पुसायचं कशाने? सगळ्यात चांगला ज्वारीच्या पिठाचा चाळलेला कोंडा. भाकरीचं घर असेल तर तो निघतोच. मूठभर कोंडा कोमट कढईत टाकून फिरवायचा, कढई कोरडी होते, कोंडा ओल्या कचऱ्यात. कोंडा नसेल तर वर्तमानपत्राचा कागद. तोही नसेल तर जुन्या टॉवेलचे, चादरीचे तुकडे, ते तर सोलापुरात कुठल्याही घरात मिळतील. मात्र असे तेल प्यालेले फडके सिंकखाली ढीग करून ठेवू नका. करडईचं तेल हवेत वाळून घट्ट होणारं आहे, रंग बनवण्यातही ते वापरतात. वाळताना ते तापतं, आणि उन्हाळ्यात चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडली तर ढीग पेटू शकतो. पुसलेला तुकडा त्याच दिवशी कचऱ्यात गेला पाहिजे. ताटांना फडकंही लागत नाही. शेवटच्या भाकरीच्या घासाने ताट पुसून घ्यायची आपली सवय मुलांनाही लावा. तूप कढवल्यावर बेरीच्या भांड्यात कणीक मळायची रीत ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती सोडू नये.

भांड्यांना मावशी येत असतील तर पुसायचं काम त्यांच्यावर ढकलू नका. कढई, तवा, मटणाचं पातेलं, एवढी तीन-चार भांडी घरच्यांनीच पुसून ठेवावीत. ओशट कढई धुवायला साबणही जास्त लागतो आणि पाणीही. आपल्या शहरात नळाला रोज पाणी नाही. साठवलेल्या पाण्यातून भांडी काढणाऱ्या घराला पुसलेली कढई किती स्वस्त पडते ते आठवड्याभरात दिसेल. कमी पाण्यात धुतो म्हणूनच पाईपातली घाण पुढे ढकलायला जोर मिळत नाही, हीसुद्धा आपल्याकडची एक अडचण आहे. जिथं पाणी मोजून वापरायचं, तिथं पाईपात तेल जाऊ न देणं जास्तच गरजेचं.

तळणाचं तेल म्हणजे मोठी गोष्ट, ते पुसून भागत नाही. कढई पूर्ण गार होऊ द्या, गरम तेल बाटलीत ओतून भाजल्याच्या कितीतरी कहाण्या आहेत. बारीक गाळणीने किंवा फडक्याने गाळून घ्या म्हणजे पिठाची जळकी कणी मागे राहील. गाळलेलं तेल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा आणि फोडणीला लवकर संपवा. दिवाळीचं तेल संक्रांतीपर्यंत पुरवायचं नाही. काळपट झालं, कढईत घालताच फेस आला, नेहमीपेक्षा लवकर धूर निघाला किंवा खवट वास आला की ते खाण्याचं राहिलं नाही. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी तर 1 जुलै 2018 पासून नियमच आहे. तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. घरी ते मोजायचं साधन नसतं, तिथं डोळे आणि नाक यांच्यावर विश्वास ठेवायचा.

असं टाकाऊ तेल वाटीभर असेल तर कोंड्यात, लाकडाच्या भुशात किंवा कागदाच्या बोळ्यांत जिरवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीला द्या. नुसती तेलाची बाटली कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबली की ती फुटते आणि तेल रस्त्यावर सांडून दुचाकी घसरतात. झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, मातीवर तेलाचा पापुद्रा बसला की पाणी मुरत नाही. दाराच्या बिजागरीला, शिलाई मशीनला घालू नका, थोड्या दिवसांत ते चिकट होऊन बसेल. उघड्या गटारीत किंवा नाल्यात तर अजिबात नाही. तिथं ओतलं की आपल्या डोळ्यांआड जातं, पण शेवटी ते महापालिकेच्या लाईनीत अडकतं आणि ते काढायला कुणातरी माणसाला बोलावतात. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टाकी साफ करायला लावण्यावर बंदी आहे, तरी माणसं आत उतरतात आणि तिथल्या वायूने मरतात, हे आपण बातम्यांत वाचतोच. तुमच्या इमारतीचं चेंबर कितीही उथळ असो, त्यात कुणालाही उघड्या हातापायांनी उतरू देऊ नका.

काकूंच्या ऑर्डरींचं तेल मात्र वाटीभर नसणार. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. 2018 मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं खाद्यतेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि तेल नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, असा नियम आहे. काकू त्या मापात बसत नसतील, पण जवळचा एखादा मोठा फरसाणवाला किंवा हॉटेलवाला त्याचं तेल कुणाला देतो हे विचारता येईल. सगळ्या इमारतीचं टाकाऊ तेल पंधरा किलोच्या एका रिकाम्या डब्यात, सावलीत, झाकण लावून साठवलं तर देण्याजोगं होतं. फक्त नोंदणीचा कागद न दाखवता रोख पैसे देऊन काळं तेल नेणाऱ्याला एक थेंबही देऊ नका. असं तेल पुन्हा गाड्यांवरच्या कढईत जाऊ शकतं, आणि तिथं आपलीच शाळकरी मुलं भजी खात उभी असतात.

आता काकूंशी बोलणं. सिंक तुंबलेलं असताना, हात काळे आणि डोकं तापलेलं असताना जिना चढू नका. प्लंबरला बोलवा, या वेळी सिंकमधून स्प्रिंग फिरवायला नव्हे तर चेंबर उघडायला. त्या सकाळी सगळ्या मजल्यांवर आधी सांगून ठेवा, ‘‘आज आपली लाईन उघडतोय, दहा मिनिटं खाली या.’’ काकूंना वेगळं बोलवायचं नाही, सगळ्यांबरोबरच. चेंबरच्या तोंडाशी थिजलेला थर एकदा डोळ्यांनी पाहिला की तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही. तिथं ‘‘तुमचं तेल’’ हा शब्दच काढू नका. तुमच्याही घरचं कूट आणि तर्री त्या थरात आहे, तेव्हा ‘‘आपली लाईन’’ म्हणणं खरंही आहे. नंतर संध्याकाळी काकूंकडे एकट्या जा. तुमच्या मुलीच्या आठवणींनी बोलणं सुरू होईल, होऊ द्या. मग सांगा, ‘‘काकू, ऑर्डरीच्या दिवसांत कढया धुण्याआधी मी खालून कोंडा आणि कागद पाठवते, तेवढं पुसून घ्या.’’ तुम्ही स्वतः काही करायला तयार आहात हे दिसलं की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. त्यांचा धंदा वाढत असेल तर सिंकखाली ग्रीस ट्रॅप बसवायला सुचवा. ती एक पेटी असते, पाणी तिच्यात थोडं थांबतं, तेल वर तरंगतं आणि पाणी खालच्या तोंडाने जातं. वरचं तेल दर आठवड्याला काढावं लागतं. काढलं नाही तर पेटीचा उपयोग नाही, हे त्यांना आधीच सांगा.

आणि काकूंनी ऐकलं नाही तर? किंवा ऐकलं, पण दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नाही? तुमचं घर कुणाच्या चांगुलपणावर ठेवू नका. प्लंबरला सांगा, आमच्या सिंकचा पाईप उभ्या लाईनीतून तोडून वेगळा, थेट चेंबरला न्या. तळमजल्याची जोडणी अशी स्वतंत्र असणं हीच चांगली पद्धत आहे. मग खालचं वळण तुंबलं तरी वरच्यांचं पाणी तुमच्या सिंकमधून येणार नाही. चेंबरच पुढे तुंबलं तर मात्र येऊ शकतं, म्हणून चेंबर वर्षातून दोनदा, आखाडाआधी आणि दिवाळीआधी, उघडून बघायचं. उभ्या पाईपाच्या पायाशी एकदम काटकोनाऐवजी दोन सौम्य वळणं आणि झाकण असलेला डोअर बेंड बसवून घ्या, म्हणजे पुढे साफ करायला तोडफोड लागत नाही. सिंकखाली कड्या-कड्यांची लवचीक नळी असेल तर ती काढून सरळ गुळगुळीत पाईप आणि बॉटल ट्रॅप (तळ फिरवून उघडता येणारी बाटलीसारखी जोडणी) लावा, त्या कड्यांत तेल अडकतं. पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह सुचवला गेला तर त्यावर भिस्त ठेवू नका, तेलाने त्याची झडप चिकटते. नुसती स्प्रिंग फिरवली की थरात बोटभर भोक पडतं आणि पाणी काही दिवस जातं, म्हणूनच तुमचं सिंक पुन्हापुन्हा तुंबतंय. थर खरवडून पुढे न ढकलता चेंबरमधून बाहेर काढायला सांगा.

सामायिक लाईनीचा खर्च सगळ्या मजल्यांत वाटायचा, तुमच्या स्वतंत्र पाईपाचा तुम्ही करायचा. हा हिशेब त्या सकाळी चेंबरपाशीच, सगळ्यांसमोर बोलून घ्या. तोवर पुन्हा पाणी वर आलं तर आधी वरच्या सगळ्यांना फोन करून नळ बंद करायला सांगा, सिंकच्या तोंडाला रबरी बूच लावून त्यावर पाण्याची भरलेली कळशी ठेवा, आणि मगच प्लंबरला बोलवा.